बाळाची सीट, मे महिना आणि एसीचा झोत: पाच सीटर घ्यावी की तीन रांगांची?

घरात पाळणा हलणार हे कळलं की आठवड्याभरात गाडीचा विषय निघतोच. आमच्याकडे तो ओटीभरणाच्या दिवशी निघाला. शिरपूरहून आलेले सासरे निघताना आमच्या जुन्या हॅचबॅककडे बघून म्हणाले, "जावईबापू, आता जरा मोठी बघा." गेल्या महिनाभरात दोन मित्रांनी मला हाच प्रश्न विचारला. दोघांच्या घरी उन्हाळ्याच्या तोंडावर बाळ येणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या बजेटमध्ये प्रश्न साधारण दोन प्रकारच्या गाड्यांपाशी येऊन थांबतो. एकीकडे चार मीटरच्या आतल्या एसयूव्ही: नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट. दुसरीकडे तीन रांगांच्या: एर्टिगा आणि कॅरेन्स. इंजिन, मायलेज, टचस्क्रीन हे सगळं तुम्ही पाहिलेलंच असेल, त्यात मी शिरत नाही.

आधी एसयूव्हीच्या बाजूचं सांगतो, कारण आम्हीही तीच बुक करायला निघालो होतो. शेतात जायचं तर काळ्या मातीच्या रस्त्यावर तिची उंची कामाला येते. सीट कमरेच्या उंचीवर असल्याने बाळंतिणीला चढायला-उतरायला सोपं पडतं. सिझेरियन झालेल्या बाईसाठी ही फार मोठी सोय आहे आणि पुरुषांच्या ती लक्षात येत नाही. पैशाचंही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. त्यात नेक्सॉनला २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत (गाडी आपटवून बघतात ती) मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. बाळाचा बाप म्हणून ते पाच तारे पाहिल्यावर दुसरं काही बघावंसं वाटत नाही, हे मला पूर्ण कळतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. बाळंतपण माहेरी शिरपूरला झालं होतं. बाळ तीन महिन्यांचं झालेलं, आणि सण करूनच लेकीला सासरी पाठवायची अशी सासूबाईंची इच्छा. आणायला मी मेहुण्याची गाडी घेतली. तीही याच वर्गातली एसयूव्ही. तिचं नाव घेत नाही, कारण या वर्गात मी पाहिलेल्या बऱ्याच गाड्यांची मागची रचना तशीच आहे. आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांवर बसणारी, मागे तोंड करून ठेवायची बाळाची सीट आम्ही आधीच घेतली होती. ती पुढच्या सीटवर लावायची नाही, तिथे एअरबॅग असते, मागेच लावायची. सीट कट्कन बसली, बाळही बसलं, सगळं नीट झालं.

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. पण माहेरच्या दारातून लेक-नातू वेळेवर निघालेत असं आपल्याकडे कधी होतं का? दादर ज्वारीचं अर्धं पोतं, बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा, नागलीचे पापड, गोधड्या भरता भरता साडेअकरा वाजले. चोपड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन अंगावर येत होतं. एसी पूर्ण सोडलेला. पुढच्या सीटवर गारठा जाणवत होता. तासाभराने हिने बाळाच्या मानेखाली हात घातला तर दुपटं ओलं. डोकं घामाने थबथबलेलं, चेहरा लालबुंद. सोबत आलेल्या सासूबाई घाबरल्या. "पोऱ्या पुरा ओला व्हई गया," म्हणत त्या पदराने वारा घालायला लागल्या.

कारण तिथेच थांबून पाहिल्यावर कळलं. मागचे एसी व्हेंट दोन सीटांच्या मधल्या कन्सोलच्या पाठीला, गुडघ्याच्या उंचीवर होते. बाळाच्या सीटची पाठ पुढच्या बाजूला असते, म्हणजे गार हवा येते ती प्लास्टिकच्या कवचावर आपटते आणि बाजूला जाते. बाळ त्या खोलगट कवचाच्या आत, मागच्या काचेकडे तोंड करून, जाड कापडात पाठ रुतवून पडलेलं. व्हेंट कितीही फिरवले तरी झोत त्याच्यापर्यंत पोचेना. मोठा माणूस त्याच जागी बसला असता तर त्याला काहीच त्रास झाला नसता, म्हणून टेस्ट ड्राइव्हमध्ये हे लक्षात येणं कठीण.

शेवटी हिने बाळाला सीटमधून काढून मांडीवर घेतलं. उरलेला सगळा रस्ता आम्ही तसेच आलो. मी ताशी चाळीसच्या वर गेलो नाही आणि प्रत्येक ट्रक समोरून आला की पोटात गोळा येत होता. कायदाही मोडला होता: चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी खाली १००० रुपये दंड आहे. दंडाचं मला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते हे, की मुलांसाठीचे पाच तारे बाळ सीटमध्ये बांधलेलं असताना मोजलेले असतात. आईच्या मांडीवरच्या बाळाला त्यातला एकही लागू नाही.

त्या रात्री बुकिंगचा विचार थांबवला आणि छताकडे बघायला लागलो. कॅरेन्समध्ये मागच्या रांगांचे व्हेंट छतात आहेत. आम्ही बाळाची सीट घेऊनच शोरूमला गेलो, तीही दुपारी दोन वाजता. सीट बसवली, एसी लावला, आणि कवचाच्या आत, बाळाचं डोकं येतं तिथे तळहात धरला. हवा वरून उतरत होती. पाच-सात मिनिटांत कापडही थंड लागायला लागलं. हे काही मोजमाप नाही, माझ्या तळहाताचा अंदाज आहे. पण तीच गाडी घेतली, पुढच्या दोन उन्हाळ्यांत शिरपूरच्या खेपा झाल्या, बाळ सीटमध्ये झोपूनच गेलं.

या गाडीत उणं काय, तेही सांगतो. ताऱ्यांत ती नेक्सॉनच्या मागे आहे: २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांसाठी तीन आणि मुलांसाठी तीन. नंतरच्या चाचण्यांचे निकाल वरखाली आहेत, ते स्वतः वाचून घ्या. सहा एअरबॅग सुरुवातीपासून सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत, याचा मला थोडा आधार वाटला. तिसरी रांग उभी ठेवली तर डिकी २१६ लिटरच उरते, नेक्सॉनची ३८२ आहे. आम्ही ती रांग आडवी पाडूनच ठेवतो, मग दादरचं पोतं आणि बाबागाडी दोन्ही मावतात. बाळाची सीट मी डावीकडे लावतो, म्हणजे उतरवताना रहदारीकडे पाठ होत नाही. पण मग तिसऱ्या रांगेत जायला डावी वाट बंद होते आणि आत्याला उजवीकडून चढणं जड जातं.

एर्टिगा का नाही, असं दोघांनीही विचारलं. सर्व्हिस गावोगावी मिळते, सीएनजी कंपनीतूनच बसून येते, ही तिची बाजू भक्कम आहे. २०२४ च्या ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी एक तारा आला तिथे माझं मन मागे सरलं. ती चाचणी दोन एअरबॅगच्या गाडीची होती, हे लक्षात ठेवून तुम्ही ठरवा. आणि कुठलीही गाडी घ्या, मागचे व्हेंट छतात आहेत की कन्सोलला हे त्याच व्हेरियंटमध्ये बसून बघा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक ही जागा बदलते.

तुमचं माहेर-सासर गावातल्या गावात असेल, प्रवास सकाळ-संध्याकाळचाच असेल, तर एसयूव्ही घ्या, पैसेही वाचतील. माझ्या एका मित्राचं सासर भुसावळला आहे. जळगावहून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, त्याला मी नेक्सॉनच सुचवली. दुसऱ्याचं नंदुरबारला आहे आणि बाळ मार्चमध्ये येणार आहे. त्याला म्हटलं, आधी बाळाची सीट घे, गाडी नंतर. ती सीट घेऊन दुपारी दोन वाजता शोरूमला जा आणि आत हात घालून बघ. मी येतो सोबत.