जपानचा समाज शिकायचाय : पुण्यात, टोकियोत इंग्रजीतून, की थेट जपानीतून?

बारावी झाली आहे, जपानीच्या एक-दोन लेव्हल हातात आहेत आणि आता नुसती भाषा नको, त्या देशाचा इतिहास आणि समाज नीट शिकायचा आहे. अशा मुलामुलींपुढे साधारण तीन रस्ते असतात. भारतातच जपानी विषय घेऊन पदवी करायची, जपानला जाऊन इंग्रजी माध्यमातून करायची, नाहीतर तिथल्या मुलांच्या शेजारी बसून जपानीतूनच शिकायचं. तिन्हींचा खर्च आणि मेहनत वेगळी आहे हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठा वाटतो तो फरक असा की कुठल्या रस्त्यावर तुम्हाला काय वाचायला मिळतं आणि कोण तुमच्याशी मोकळेपणी बोलतं. म्हणून एकच विषय हातात धरून मी हे तिन्ही रस्ते तपासते.

विषय बुराकु समाजाचा. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, मेलेली गुरं ओढणं, कातडी कमावणं, गुन्हेगारांना देहदंड देणं अशी कामं ज्यांच्या वाट्याला होती, त्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या जात. १८७१च्या फर्मानाने हा दर्जा कागदावरून गेला, भेदभाव गेला नाही. या लोकांच्या दिसण्यात, भाषेत, धर्मात इतरांपेक्षा काहीही वेगळं नाही. माणूस हेरला जातो तो पत्त्यावरून आणि घराण्याच्या नोंदीवरून. अशा वस्त्यांची नावं असलेल्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला येणाऱ्याचं मूळ तपासायला, हे १९७५मध्ये उघडकीला आलं. २०१६मध्ये संसदेने या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला यातलं काय ओळखीचं आहे, हे सांगायला नको. बुराकुंची सुइहेइशा ही संघटना क्योतोमध्ये मार्च १९२२ला उभी राहिली, आपला चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७चा. नागपूरच्या धम्मचळवळीत आयुष्य घालवलेले भदंत सुरेई ससाई मूळचे जपानमधल्या ओकायामाचे. मराठी विद्यार्थी जपानच्या अभ्यासात स्वतःचं काही घालू शकेल अशा जागा आहेत, त्यातली ही मला सगळ्यात मोलाची वाटते.

पहिला रस्ता : इथेच

पुण्यात जपानी शिकण्याची सोय चांगली आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी आणि एमए करता येतं, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कॉलेज किंवा नोकरी सांभाळून प्रमाणपत्र आणि पदविका करता येतात, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा (एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड) पुण्यातच देता येते. व्याकरणही आपल्याला फारसं परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर, ही रचना मराठी कानाला सवयीची. खरा घाट कांजींचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांचा. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीतच २,१३६ चिन्हं आहेत.

अडचण दुसरीकडे आहे. पुण्यातला बराचसा विद्यार्थी आयटी, वाहन उद्योग आणि भाषांतराच्या कामासाठी जपानी शिकतो आणि वर्गाचा रोख आपोआप तिकडे वळतो. भाषेच्या पुस्तकातला जपान म्हणजे ऑफिस, रेल्वे स्टेशन आणि साकुराचा, म्हणजे चेरीचा बहर. बुराकु त्यात नसतात. दक्षिणेकडच्या बेटांचं ओकिनावा आलंच तर समुद्रकिनारा म्हणून येतं, आणि जपानमध्ये पिढ्यानपिढ्या राहणारे कोरियन वंशाचे लोक जवळजवळ येतच नाहीत. समाज हाच विषय असेल तर दिल्लीकडे जरूर बघा. जेएनयूमध्ये भाषा-साहित्याचं जपानी केंद्र आहे आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या स्कूलमध्ये पूर्व आशियाचं वेगळं. दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अध्ययन विभागात एमएला भाषेबरोबर इतिहास आणि राजकारण येतं. शांतिनिकेतनच्या निप्पोन भवनचा पिंड अर्थातच वेगळा. साहित्य आणि कलेकडे ओढा असणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावं.

दुसरा रस्ता : तिकडे, पण इंग्रजीतून

टोकियोत सोफिया विद्यापीठाची लिबरल आर्ट्स शाखा, वासेदाची आंतरराष्ट्रीय लिबरल स्टडीजची शाखा, मिताकातलं आयसीयू (इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी), क्यूशू बेटावरच्या बेप्पूचं एपीयू (एशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटी) ही यातली ठळक नावं. नागोया विद्यापीठात आशियाच्या संदर्भात जपानी संस्कृती शिकवणारा इंग्रजी अभ्यासक्रम आहे. यातले बरेचसे वर्ग सप्टेंबरला सुरू होतात, त्यामुळे जपानचं एप्रिलचं वर्ष आणि आपला बारावीचा निकाल यांचा मेळ घालताना वर्ष वाया जात नाही. प्राध्यापक उत्तम असतात, वर्गात बोलायची मुभा असते, वर्गमित्र दहा देशांतले. चार वर्षं तिथे राहून भाषाही बऱ्यापैकी येते, मात्र ती तुम्ही मागे लागून शिकलात तर.

बुराकुंचं काय? इथे तो विषय नक्की भेटेल. जपानी समाजाच्या ओळखीच्या कोर्समध्ये अल्पसंख्याकांसाठी एखाद-दुसरा आठवडा ठेवलेला असतो, इंग्रजीत भरपूर चांगलं संशोधन आहे आणि त्यावर उत्तम निबंध लिहिता येईल. पण इंग्रजीत आलेलं तेवढंच हाती लागतं. वस्तीतल्या आजीची आठवण, स्थानिक वर्तमानपत्रातलं पत्र, नगरपालिकेचं पत्रक हे सगळं जपानीत असतं.

राहण्याचीही एक गोष्ट आहे. इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी हॉस्टेल, कॅम्पस, पार्टटाइम काम या त्रिकोणात सहज चार वर्षं काढू शकतो. साध्या मोहल्ल्यात भाड्याने राहिलात तर कदाचित एक दिवस शेजारची बाई दारात काइरानबान घेऊन उभी राहील. फायलीसारखी पाटी, तिला चिमट्यात अडकवलेले कागद: कचऱ्याचे बदललेले वार, भूकंपाची कवायत, देवळाच्या जत्रेची वर्गणी, कधी कुणाच्या निधनाची सूचना. वाचायचं, आपल्या घरापुढे शिक्का किंवा सही करायची आणि पुढच्या दारी नेऊन द्यायची. पाटी कुणाच्या घरी अडकली हे सगळ्या गल्लीला कळतं. जपानी शेजारधर्म, त्यातली आपुलकी आणि त्यातली नजर, या एका पाटीत दिसते. बुराकु माणसाला पत्ता लपवावासा का वाटतो, हेही तिथे थोडं उमजतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की इंग्रजीतून शिकायला गेलात तरी पहिल्या वर्षानंतर हॉस्टेल सोडा.

तिसरा रस्ता : जपानीतून

सगळ्यात खडतर आणि माझ्या मते समाज शिकणाऱ्यासाठी सगळ्यात सकस. प्रवेशासाठी जून आणि नोव्हेंबरमध्ये होणारी, परदेशी विद्यार्थ्यांसाठीची ईजेयू परीक्षा, त्यावर बहुतेक ठिकाणी विद्यापीठाची स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत. कागदावर एन-२ चालेल असं काही ठिकाणी म्हणतात, पण समाजशास्त्राचं पुस्तक वाचायला एन-१ सुद्धा तोकडं पडतं.

या रस्त्याचा गाभा म्हणजे झेमी, म्हणजे छोटा चर्चावर्ग. साधारण तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या झेमीत जातो. दहा-पंधरा जण, आठवड्यातून एकदा, लांबट टेबलाभोवती. ज्याची पाळी असेल त्याने दोन-चार पानांचं टिपण सगळ्यांना वाटायचं आणि बोलायचं. प्राध्यापक बराच वेळ गप्प असतात. आधी सेनपाई, म्हणजे वरच्या वर्षाचे विद्यार्थी, प्रश्न विचारतात: हा आकडा कुठून घेतलास, इथे ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? मग कोहाईंची, म्हणजे धाकट्यांची पाळी. सुट्टीत सगळे मिळून कुठेतरी मुक्कामाला जातात, दिवसा वाचन आणि रात्री गप्पा. शेवटी पदवीचा प्रबंध. कुणी कुणाआधी बोलायचं, नकार कसा द्यायचा, शांततेला किती वेळ द्यायचा, हे जपानी समाजाचं शिक्षण कुठल्याही व्याख्यानापेक्षा झेमीत जास्त होतं. बुराकुंवर काम करणारा विद्यार्थी इथून नारा प्रांतातल्या गोसे गावी सुइहेइशा संग्रहालयात जाऊन मूळ कागद वाचू शकतो. तिथल्या माणसाशी मधे दुभाषा न ठेवता बोलू शकतो, आणि अशा विषयावर मधे दुभाषा असला की माणसं मिटतात.

पैशाचं थोडक्यात. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाचे एकदाच २,८२,००० येन. काही विद्यापीठांनी, टोकियो विद्यापीठानेही, ती वाढवली आहे. खासगी ठिकाणी याच्या दुप्पट-अडीचपट धरून चाला, मात्र परदेशी मुलांना फीमाफी मिळू शकते, ती मागायला लाजू नका. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. त्यातून जेवणखाण निघेल, पण फीही निघेल असं मानून कर्ज काढू नका.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीमुळे मात्र सगळं गणित बदलतं. बारावीनंतरच्या पदवी शिष्यवृत्तीत फी माफ, दरमहा १,१७,००० येनच्या आसपास भत्ता आणि सुरुवातीचं एक वर्ष भाषेच्या तयारीचं. जागा अगदी थोड्या. पदवीनंतर संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी संशोधनाचा आराखडा लागतो. आणि या दोन्हींच्या मधे, फारसं कुणी न सांगितलेली तिसरी: ‘जपान अध्ययन’ विद्यार्थ्यांची, जपानीत निक्केनसेई. परदेशी विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांना जपानमधल्या विद्यापीठात एक वर्ष. हीच गोष्ट बारावीनंतर प्रवेश घेतानाच डोक्यात हवी, कारण कॉमर्सची पदवी आणि बाजूला एन-३ असेल तर भाषा कितीही चांगली असली तरी हे दार उघडत नाही.

म्हणून माझा कौल असा. समाज समजून घेणं हाच हेतू असेल, घरची परिस्थिती बेताची असेल आणि घाई नसेल, तर पदवी भारतात, जपानी मुख्य विषय घेऊनच, मधलं एक वर्ष निक्केनसेई म्हणून आणि एमए जपानमध्ये जपानीतून. आंतरराष्ट्रीय संस्था, पत्रकारिता, तुलनात्मक राजकारण डोळ्यांपुढे असेल आणि पैशाची सोय असेल, तर इंग्रजी अभ्यासक्रमात कमीपणा काही नाही. बारावीनंतर लगेच थेट तिसऱ्या रस्त्याला लागणं फक्त त्यांनीच करावं, ज्यांचं वाचन आताच जपानी वर्तमानपत्रापर्यंत पोचलंय.

आणि नोकरी करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: संशोधक शिष्यवृत्तीला वयाची अट साधारण ३५च्या आतली आहे, विषयाची पदवी जपानीचीच हवी असं नाही. इतिहास, समाजशास्त्र, समाजकार्य शिकलेल्या माणसाचा बुराकु किंवा एकट्या पडलेल्या वृद्धांवरचा नेमका आराखडा तिथे वाचला जातो. दूतावासाची सूचना वर्षातून एकदाच, बहुधा उन्हाळ्यात निघते आणि मुदत थोडकी असते. आराखडा त्याच्या आधी, हिवाळ्यातच लिहून तयार ठेवा आणि तो कुणा जपानी अभ्यासकाला दाखवा.