लॉरेन्सचे हेरिटेज स्टेट पार्क: गिरणगावाशी नाते सांगणारे संग्रहालय

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून हॅवरहिलकडे जाणारी गाडी तासाभराच्या आत मेरिमॅक नदीकाठच्या लॉरेन्सला पोहोचवते. जेमतेम सात चौरस मैलांचे हे शहर ‘इमिग्रंट सिटी’ म्हणजे स्थलांतरितांचे शहर म्हणून ओळखले जाते, आणि ते तसे कसे घडले हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने जॅक्सन स्ट्रीटवरील हेरिटेज स्टेट पार्कचे केंद्र अवश्य पाहावे. प्रवेश विनामूल्य आहे.

केंद्राची खरी श्रीमंती त्याच्या इमारतीत आहे. १८४० च्या दशकात गिरणी कामगारांच्या राहण्याजेवणासाठी बांधलेली ही विटांची वास्तू आहे. लालबाग-परळच्या खाणावळींच्या आणि दाटीवाटीने भरलेल्या खोल्यांच्या गोष्टी ऐकत लहानाचा मोठा झाल्यामुळे मी तिथे बराच वेळ रेंगाळलो.

येथील धरण आणि कालवे बांधण्यासाठी दुष्काळातून निसटलेले आयरिश मजूर आले. त्यांच्यामागून जर्मन, फ्रेंच-कॅनेडियन, इटालियन, पोलिश, लिथुआनियन आणि आजच्या लेबनॉनमधील लोक आले. १९१२ च्या जानेवारीत कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ५६ वरून ५४ झाले, त्याबरोबर मालकांनी पगारही कापला, आणि एकमेकांची भाषा न समजणारे हजारो कामगार एकत्र रस्त्यावर उतरले. सभांमधील भाषणांचे अनेक भाषांत अनुवाद होत; उपासमारीपासून वाचवण्यासाठी मुलांना न्यूयॉर्कच्या सहानुभूतीदार कुटुंबांकडे पाठवले गेले. दोन महिन्यांनी संप जिंकला गेला. आपला १९८२ चा संप आठवून हा शेवट वाचताना मला आनंद झाला आणि तितकेच वाईटही वाटले.

तथापि केवळ केंद्र पाहून परतू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १९२० मध्ये सुमारे ९४ हजार लोकवस्ती असलेले हे शहर गिरण्या दक्षिणेकडे गेल्यावर ओसरत १९८० मध्ये ६३ हजारांवर आले होते. पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या कुटुंबांनी ते पुन्हा भरले, आणि २०२० च्या जनगणनेत ८९ हजारांच्या या शहरातील पाचांपैकी चार जण लॅटिनो होते. हा इतिहास जवळच्या एसेक्स स्ट्रीटवर, स्पॅनिश पाट्यांच्या दुकानांत पाहायला मिळतो. तेथील एखाद्या साध्या उपाहारगृहात ‘मांगू’ मागवावे: उकडून कुस्करलेली कच्ची केळी आणि वर व्हिनेगरमध्ये परतलेला कांदा, असा हा डॉमिनिकन न्याहारीचा पदार्थ आहे.

शक्य असल्यास सप्टेंबरमधील कामगार दिनी जावे. त्या दिवशी मैदानावर ‘ब्रेड अँड रोझेस’ उत्सव भरतो आणि १९१२ च्या संपकऱ्यांची आठवण आजचे गावकरी जागवतात.