अहमदाबाद दुसऱ्यांदा: हेरिटेज वॉक, कॅलिको आणि बाकी काय परत करायचं, काय सोडायचं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मार्क आधीच देऊन टाकते. महानगरपालिकेचा सकाळचा हेरिटेज वॉक दहापैकी नऊ, कॅलिको म्युझियमची (जुन्या कापडांचं संग्रहालय) टूर दहापैकी आठ, आणि हॉटेलच्या काउंटरवरून ठरवलेली 'फुल डे सिटी टूर' दहापैकी दोन, ते दोनही गाडीतला एसी चालू होता म्हणून.

मागच्या हिवाळ्यात गेलो होतो, या हिवाळ्यात परत जायचंय, यावेळी सासूबाई आणि नणंद पण आहेत. त्यामुळे मागच्या वेळचं सगळं परत एकदा पारखून घेतलं की काय रिपीट करायचं, काय नाही. माझं म्हणणं सरळ आहे, हे शहर 'स्पॉट' बघायचं शहर नाहीये. जुनं अहमदाबाद सगळं दारांच्या आत आहे, पोळांच्या (एका दरवाजाआडच्या जुन्या वस्त्या) आत, हवेल्यांच्या आत, आणि आत नेणारं कोणी नसेल तर तुम्हाला फक्त ट्रॅफिक, हॉर्न आणि वायरींचं जाळं दिसतं. म्हणून ट्रिप आखताना आधी गाईडेड टूरच्या वेळा पक्क्या करा, मग हॉटेल, मग बाकीचं.

आता वॉक. हा १९९७ पासून चालू आहे, सकाळी आठला काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो, साधारण दोन-अडीच तास. सुरुवातीला शहराबद्दल एक छोटा स्लाइड शो असतो, तो जरा शाळेतल्यासारखा आहे पण बघा, कारण नंतर गल्लीत उभं राहून कोणी एवढं निवांत सांगणार नाही. अहमदशहाने १४११ मध्ये शहर वसवलं तिथपासून सुरू होतं. मंदिर स्वतः १८२२ चं, आतलं लाकडी कोरीवकाम बघत लोक इतके रेंगाळतात की गाईडला हाका मारायला लागतात.

मग पोळा सुरू होतात. एक दरवाजा, आत एक गल्ली, गल्लीला फुटलेल्या आणखी गल्ल्या, म्हणजे आपल्याकडच्या वाड्यालाच गल्ली फुटावी तसं काहीतरी. चौकात उंच खांबावर चबुतरा, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकायची कोरीव छत्री, घरांच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं, आणि एका पोळीतून दुसरीत निघणाऱ्या चोरवाटा. या चोरवाटा गाईडशिवाय सापडूच शकत नाहीत, आपल्याला वाटतं हे कोणाच्या तरी घराचं दार आहे आणि गाईड सरळ आत शिरतो आणि तुम्ही दुसऱ्याच मोहल्ल्यात बाहेर पडता. लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतरामांचा पुतळा आहे, ओट्यावर बसलेले, शेजारी जागा मोकळी, त्यामुळे प्रत्येक जण तिथे बसून फोटो काढतो, आम्हीही काढला.

मला सगळ्यात मजा आली ती एका चौकात. तिथे गाईडने समोरासमोरची घरं दाखवली, हे पर्शियन वळणाचं, हे मुघल, हे इंग्रजी आणि हे मराठा. मराठा म्हटल्यावर आमच्या घोळक्यातले दोन पुणेकर एकदम ताठ झाले. पण खरंच, आपण विसरतो की १७५८ च्या सुमारापासून १८१७ पर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या वाटणीत होतं, अर्धं याचं, अर्धं त्याचं. रायखडमध्ये गायकवाडांची हवेली आहे. आणि वॉक जिथे संपतो तिथून चालत थोडं पुढे तीन दरवाजा आहे, तिथे मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा १८१२ चा देवनागरीतला शिलालेख आहे, मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा द्या, नाही दिला तर हिंदूला महादेवाला जाब द्यावा लागेल आणि मुसलमानाला अल्लाला, अशा अर्थाचा. १८१२! वॉकमध्ये हा येत नाही, एक मार्क त्याचाच कापलाय. तिथे इतके फेरीवाले असतात की शिलालेख शोधायला मान वर करून उभं राहावं लागतं आणि मागून लोक ढकलतात, पण मराठी माणसाने हा बघितल्याशिवाय येऊ नये असं मला वाटतं. यावेळी सासूबाईंना मुद्दाम दाखवणार आहे, नणंद सोबत आहे म्हणून नव्हे हां.

जामा मशीद १४२४ ची, आत २६० खांब. १८१९ च्या भूकंपात तिचे मिनार गेले. बाहेर पडलात की माणेक चौक. लोक सांगतात माणेक चौकात रात्री खा, बरोबरच आहे, पण सकाळचा माणेक चौकही बघा, तेव्हा तिथे गाईंचा चारा विकतात, दुपारी सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री त्याच जागेवर घुगरा सँडविच आणि कुल्फी. पायनॅपल सँडविच नावाचा प्रकार आहे तो एकदा खाऊन बघा, परत कोणी खाईल असं वाटत नाही.

वॉक परत करणार का? हो, पण सगळ्यांनी नाही. सासूबाईंचे गुडघे बघता अडीच तास उभं राहणं जमणार नाही, बसायला जागा फार कमी आहेत आणि फरशी उंचसखल. नणंद आणि मी सकाळचा करू, आणि रात्रीच्या वॉकची चौकशी चाललीये, सिदी सय्यदच्या मशिदीसमोर मंगलदास गिरधरदासांचं जुनं घर आहे, १९२४ चं, आता तिथे हॉटेल आहे, ते लोक रात्रीचा वॉक काढतात. रात्री दुकानं बंद असल्यामुळे घरांचे दर्शनी भाग नीट दिसतात म्हणे. तो केला की लिहीन.

आता कॅलिको. हे थोडं लांबवणार आहे कारण लोक इथे चिडतात आणि मला वाटतं चिडायचं कारण नाही.

नियम आधी. आधी रजिस्ट्रेशन केल्याशिवाय प्रवेश नाही. लहान ग्रुप, गाईडबरोबरच फिरायचं, एकटं रेंगाळायचं नाही. बॅग, मोबाईल, कॅमेरा सगळं बाहेर ठेवायचं. दहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. बुधवारी बंद आणि सरकारी सुट्टीलाही बंद. पैसे मात्र काहीच घेत नाहीत. आता हे ऐकून माझा नवरा म्हणाला हे म्युझियम आहे का परीक्षा हॉल. पण आत गेल्यावर कळतं. खोल्यांमध्ये अंधार असतो, दिवा तेवढ्यापुरता लागतो आणि पुढच्या खोलीत गेलं की बंद, कारण शेकडो वर्षांचं कापड उजेडाने मरतं. तुमच्या फ्लॅशने तर नक्कीच.

१९४९ मध्ये गौतम साराभाई आणि गिरा साराभाई यांनी हे सुरू केलं, आता शाहीबागला साराभाईंच्या जुन्या आवारात आहे, झाडं, मोर, जुन्या हवेल्यांचे लाकडी दर्शनी भाग आणून बसवलेले. आत काय आहे ते लिहायला गेले तर यादी होईल. मुघल काळातले तंबू, म्हणजे कापडाची अख्खी खोली. नाथद्वाऱ्याच्या पिछवाया, म्हणजे देवाच्या मूर्तीमागे लावायचे चित्रांचे पडदे. माता नी पछेडी, ज्यांना देवळात येऊ देत नव्हते त्यांनी कापडावरच देऊळ रंगवून घेतलं. काश्मिरी शाली. आणि पाटणचे पटोळे, ज्यात उभा आणि आडवा दोन्ही धागे विणायच्या आधीच बांधून रंगवतात आणि मागावर नक्षी एकमेकांवर बरोब्बर येऊन बसते, एका साडीला सहा महिने ते वर्ष. हेच पटोळे पूर्वी जहाजाने इंडोनेशियाला जायचे, तिकडे राजघराण्यात मान होता त्यांना. येवल्याला आपल्याकडे सिंगल इकत बघितलेली असेल, म्हणजे फक्त एकाच दिशेचा धागा रंगवलेला, तर दोन्ही शेजारी आठवून बघा म्हणजे पटोळा का महाग ते कळेल.

दोन मार्क कुठे गेले? वेगात. गाईड बाई विषयात एकदम पक्क्या होत्या, पण पुढे चला, पुढे चला. एका खोलीत जेमतेम डोळे अंधाराला सरावतात तोवर दिवा बंद. प्रश्न विचारला की उत्तर मिळतं पण चालता चालता. म्हणून तर कॅलिको दुसऱ्यांदा करायचं, पहिल्या वेळी फक्त अंदाज येतो. यावेळी नणंद (ती टेक्सटाईल शिकलीये) आधीच ठरवून जाणार आहे की पटोळा आणि भरतकाम एवढंच नीट बघायचं, बाकी नजरेखालून घालायचं. आणि साडीवर जाड चामड्याच्या चपला नकोत, आत पायऱ्या आहेत बऱ्याच, सासूबाईंना सांगून ठेवलंय.

कॅलिकोहून असारव्याची दादा हरीर नी वाव (वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर) जवळ आहे, रिक्षाने पटकन. अडालजची विहीर सगळे बघतात, ती १४९९ ची, पाच मजली, सुंदरच आहे, पण शहराबाहेर आणि तिथे सेल्फीची रांग. दादा हरीर त्याच काळातली, सुलतान महमूद बेगडाच्या जनानखान्यातल्या बाई हरीरने बांधवलेली, संस्कृत आणि अरबी दोन्ही लेख आहेत, आणि आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही, दोन कबुतरं आणि एक झाडूवाले काका एवढेच होतो. मला विचाराल तर वेळ कमी असेल तर अडालज सोडा.

साबरमती आश्रम परत करणार. इथे गाईड नको, उलट गाईड असला की तो चरख्यापाशीच अडकून बसतो. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी केलेलं संग्रहालय १९६३ चं, उतरती कौलारू छपरं, मधे पाणी, भिंती कमी आणि हवा जास्त. हृदयकुंज, म्हणजे गांधीजींचं घर, बघतातच सगळे. पण मराठी लोकांनी थोडं थांबून आठवावं की आश्रमाची भजनावली जुळवणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, काका कालेलकर साताऱ्याचे आणि ज्यांना गांधीजी सवाई गुजराती म्हणायचे ते, आणि विनोबांची कुटी तर नावानेच उभी आहे. आवारात नूतनीकरणाचं मोठं काम चालू आहे, त्यामुळे कुठलं दार उघडं ते आदल्या दिवशी विचारून जा.

ती 'फुल डे सिटी टूर' कशी होती ते पण सांगते. ठिकाणं नऊ छापली होती, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि दुपारी 'हँडलूम डेमो' म्हणून एका साडीच्या दुकानात पाऊण तास. सिदी सय्यदची जाळी बघायला मिळाली ती गाडीतून, ती १५७२-७३ ची दगडी जाळी जगात प्रसिद्ध आहे आणि आमचा ड्रायव्हर म्हणतो, दिसली ना, चला. असलं काही घेऊ नका. रिक्षा आणि मेट्रो पुरते, मेट्रोचं काळुपूर स्टेशन रेल्वे स्टेशनला लागूनच आहे, तिकीट स्वस्त, रिक्षावाले मीटरने येतात बहुतेक.

वार बघून जा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कॅलिको बुधवारी बंद, एल. डी. म्युझियम आणि अमदावाद नी गुफा सोमवारी बंद, म्हणजे गुरुवार ते रविवार बेस्ट. एल. डी. मध्ये जैन हस्तलिखितं आहेत, तिथली इन्स्टिट्यूटची इमारत वास्तुकार बाळकृष्ण दोशींची, जन्म पुण्याचा बरं का, आणि गुफा पण त्यांचीच, चित्रकार हुसेनसाठी केलेलं चित्रदालन, जमिनीखाली, संध्याकाळी चारनंतर उघडते, मुलं असतील तर त्यांना हमखास आवडते. फ्रेंच वास्तुकार ल कॉर्ब्युझिएचं संस्कार केंद्र बघायचं असेल तर आत सोडतात का ते आधी फोन करून बघा, नाहीतर त्याचीच मिल ओनर्सची इमारत आश्रम रोडवर आहे, ती कामाच्या दिवशी बघता येते.

रात्रीचं जेवण एकदा विशालाला, जेवणासाठी नव्हे, आवारातल्या 'विचार' नावाच्या भांडी संग्रहालयासाठी. सासूबाई तिथे दोन तास काढतील याची मला खात्री आहे, पितळी डबे, अडकित्ते, पाण्याचे घडे, त्यातली निम्मी भांडी त्यांच्या माहेरी होती. जेवण गोड, सगळंच गोड, डाळसुद्धा. पर्समध्ये ठेचा ठेवा.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, जाऊ नका म्हणत नाही, पतंग बघायला पोळीतल्या गच्च्या भाड्याने मिळतात आणि तो वेगळाच माहोल असतो, पण मग म्युझियमचा विचार सोडून द्या आणि हॉटेलचे भाव बघून चक्कर येऊ देऊ नका. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं बघतोय. कॅलिकोचं रजिस्ट्रेशन झालं की मगच ट्रेनचं तिकीट काढणार.