फुकट सर्व्हे, फी घेणारा कन्सल्टंट की आपलाच फिटर?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ओळखीच्या निम्म्या शेडवाल्या कारखानदारांचं सध्या हेच चाललंय, मोठा कस्टमर कार्बनचा, म्हणजे आपल्या कामातून किती उत्सर्जन होतं त्याचा, फॉर्म पाठवतो, वीजबिल बघवत नाही, मग वीज-कार्बनचा कन्सल्टंट धरायचा की सोलरवाल्याचा फुकट सर्व्हे घ्यायचा की घरच्या घरी भागवायचं.

फुकटवाल्याचं आधी सांगतो कारण आम्ही तिथेच फसत होतो. एकजण आला, छपरावर चढला, फोटो काढले, चार दिवसांनी १०० किलोवॅटचं कोटेशन. एवढ्याला साधारण दहा हजार स्क्वेअर फूट बिनसावलीचं छप्पर लागतं, आमची अख्खी शेड सहा हजारांची! मशीनांना दाबाची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरकडे ढुंकूनही बघितलं नाही. बघेल कशाला, हवेची गळती बुजवली तर त्याचेच पॅनल कमी लागतील ना. पण सोलर घ्यायचंच ठरलं असेल तर दोन-तीन जणांचे असे सर्व्हे जरूर घ्या, रेट कळतात.

आपल्या फिटरला कमी समजू नका. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि तो किती मिनिटं लोड घेतो (हवा भरतो), किती मिनिटं अनलोड राहतो (हवा न भरता नुसता फिरतो) ते घड्याळ लावून लिहायचं. समजा ३ मिनिटं लोड आणि ७ मिनिटं अनलोड, म्हणजे कॉम्प्रेसरची ३० टक्के हवा नुसती गळतीत जातेय. मग साबणाचं पाणी घेऊन जॉइंट शोधायचे. प्रेशर गरजेपेक्षा जास्त ठेवलं असेल तर एक बार (प्रेशरचं माप) कमी केल्यावर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्क्यांनी उतरते. फक्त एक आहे, ज्याने प्रेशर वाढवून ठेवलं तोच तपासणार, त्यामुळे तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा.

कन्सल्टंट कधी? कागद अंगावर येतात तेव्हा. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा वार्षिक रिपोर्ट) सक्तीचं केलं, त्यातलेच फॉर्म आता सप्लायरपर्यंत येतात. युरोपला नट-बोल्ट जात असतील तर सीबीएएम (आयात मालाच्या कार्बनवरचा युरोपचा कर) जानेवारी २०२६ पासून पक्क्या टप्प्यात आलंय, तिथे उत्सर्जनाचा हिशोब अंदाजाने भरून चालत नाही आणि ते फिटरचं काम नाही. वीज वाचवण्यासाठी बोलवत असाल तर बीईईचा (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेचा) सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर आहे का ते बघा आणि मोजायचं मीटर स्वतःचं आणतो का तेही विचारा, नाहीतर बिलाच्या झेरॉक्सवरून ऐंशी पानी रिपोर्ट हातात पडतो.

बचतीतला हिस्सा मागणारेही भेटतात. ऐकायला गोड वाटतं पण मधेच ऑर्डर कमी झाल्या की बिल आपोआप उतरतं आणि हा म्हणतो बचत माझी, म्हणून बिलावर न जाता युनिट प्रति नग असं आधीच लिहून घ्या. व्हेंडरकडून कमिशन घेत नाही हेही लेखी.

मी तरी आधी फिटर, मग एक्स्पोर्ट किंवा लिस्टेड कस्टमर असेल तर कन्सल्टंट, आणि गळती बुजवून बिल उतरल्यावर उरलेल्या युनिटांवरच सोलरवाल्याला बोलवेन.