डेस्मॉस: रेषेवरून समीकरण काढायला शिकवताना

मी बार्शीत नववी ते अकरावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेतो. समीकरणावरून आलेख काढणं यांच्या हातात बसलेलं असतं: एक्सच्या तीन किमती घ्या, तक्ता करा, बिंदू जोडा. उलटं विचारलं, रेषा काढून दिली आणि समीकरण मागितलं, की वर्ग गप्प. या उलट्या कामासाठी मी डेस्मॉसचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरतो. फुकट आहे, नुसता वापरायला खातंही उघडावं लागत नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप नेट नसतानाही चालतं, आणि आमच्याकडे हा मुद्दा किरकोळ नाही.

समीकरण तुम्ही लिहायचं, रेषा ते काढतं. (तक्त्यातल्या बिंदूंवरून समीकरण काढून द्यायचीही सोय त्यात आहे. ती मी पोरांना दाखवत नाही.)

(०, ३) आणि (४, १) हे दोन बिंदू मी आधी पडद्यावर आणतो. वाय-अक्षाला रेषा कुठे छेदते? ३ वर. चार घरं उजवीकडे गेल्यावर किती खाली आलो? दोन. म्हणजे चढ वजा एक छेद दोन. हे सगळं वहीत, फोन बाजूला. मग समीकरण टाइप करायचं. रेषा दोन्ही बिंदूंतून गेली तर बरोबर. चिन्ह चुकलं असेल तर रेषा खाली यायच्या ऐवजी वर चढते आणि मी तोंड उघडायच्या आत पोरगं वहीकडे वळतं.

वाय = एमएक्स + सी लिहिलं की एम आणि सी साठी स्लायडर, म्हणजे बोटाने सरकवून किंमत बदलायच्या पट्ट्या, मिळतात. चढ म्हणजे काय हे पहिल्यांदा दाखवायला याला तोड नाही. एम हलवला की रेषा वाय-अक्षावरच्या बिंदूला खिळून फिरते. सी हलवला की तिरकेपणा तोच ठेवून वरखाली सरकते. पण समीकरण शोधायला स्लायडर हातात दिला, की पोरं रेडिओवर स्टेशन लावल्यासारखं बोट फिरवत बसतात आणि मोजणं बंद. शिवाय तो ०.६ वरून थेट ०.७ वर जातो. रेषा (०, −१) मधून जाणारी आणि चढ दोन छेद तीन असेल, तर ०.७ ला ती बसल्यासारखी दिसते. ‘सर, झालं!’ मग एक्स = ९ पाशी नेऊन दाखवायचं: ५ ऐवजी ५.३.

भागाकाराची खूण दाबली की पुढचं सगळं छेदातच जात राहतं, हे पहिल्या तासालाच सांगून ठेवा. −१/२ नंतर उजवीकडचा बाण न दाबता एक्स + ३ लिहिलं तर रेषेऐवजी दोन तुकड्यांचा वक्र उमटतो.

‘मार्बलस्लाइड्स: लाइन्स’ हा डेस्मॉसवाल्यांनी बनवलेला, आता अ‍ॅम्प्लिफाय कंपनीकडे असलेला खेळ मात्र डोळे झाकून घ्या. वरून गोट्या सुटतात. समीकरणं बदलून रेषा अशा लावायच्या की गोट्या घरंगळत सगळे तारे टिपतील. सूचना इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी माध्यमाच्या पोरांना सुरुवातीचे पडदे मी वाचून दाखवतो. पुढे कोणी ऐकतच नाही.

बोर्डाला अर्थात पेन्सिल, पट्टी आणि आलेख कागद. कोपऱ्यात प्रमाण लिहायची सवय डेस्मॉस लावत नाही. झूम केलं की अक्षांवरचे आकडे आपोआप बदलतात, आणि एक घर म्हणजे एक एकक धरून चालणारा तिथे फसतो. घरं नाही, आकडे वाचायला लावा.

आणि एकदा (३, ०) व (३, ५) हे बिंदू देऊन एम-सीचे स्लायडर खुशाल हातात द्या. एम कितीही वाढवला तरी रेषा जराशी तिरकी राहतेच. चांगली दहा मिनिटं झटू द्यावं, मग एक्स = ३ लिहायला सांगावं.