तळघरातला डीबी आणि माझे ३७,००० रुपये

नागपुरात मानेवाड्याला घराच्या तळघरात माझं शिलाईचं काम चालतं. पाच मशिनी, दोन इस्त्र्या. वरच्या बोर्डावर लोड येतो म्हणून खाली वेगळा डीबी, म्हणजे वीज वाटून देणारा स्विचांचा डबा, बसवायला दिला. ओळखीतूनच आलेल्या ठेकेदाराने ४२,६०० सांगितले. आधी २५,००० घेतले, मध्येच माल आणायला म्हणून १२,०००. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "ताई, बिलावर जीएसटी लागते नं, कशाला वाढवता?" बिल नाही तर पैसे नाहीत, एवढंच म्हणायला हवं होतं मी.

पण मन खातं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. लाइन चालू होती, आरसीसीबीचं (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण मी स्वतःच्या बोटाने दाबलं. खटका पडला नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. ठेकेदार म्हणे, "तळघरात ओल आहे, दोन दिवसांत बसते." आणि मी ऐकून घेतलं! बटण दाबल्यावर लाइन गेलीच पाहिजे. ओल असो, नसो. पण आपल्याकडे जूनच्या शेवटी शाळा उघडतात, युनिफॉर्मची ऑर्डर डोक्यावर होती. त्याला ते ठाऊक होतं.

जुलैत काँक्रीटची भिंत पाझरली. डबा थेट भिंतीला टेकवलेला, लाकडी गुट्ट्यांवर, वायरचा पाइप वरून आत सोडलेला. पाणी सरळ डब्यात. माझ्याकडच्या मुलीला मशीनच्या बॉडीतून झटका बसला. ती वाचली, पण तिच्या आईसमोर उभं राहताना माझे पाय कापत होते.

परवानाधारक माणसाने डबा उघडला. आरसीसीबी नुसता शोभेला, मेन वायर त्याला टाळून पुढे नेलेली. अर्थिंगची वायर डब्यातच कापलेली. 'कॉपर' वायर खरवडली तर आत पांढरं ॲल्युमिनियम. वायरचं टोक आधी खरवडून बघा, मगच भिंतीत जाऊ द्या. आता डबा अँगलवर, भिंतीपासून सुटा, अँकर फास्टनरने (काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टने) बसवलाय, केबल खालून. त्याचे ३१,४०० वेगळे.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. एकदा साहेब नाहीत, एकदा "हे दिवाणी आहे", एकदा "करार दाखवा". तळघराच्या कामाचा करार कोण करतं हो? पोरीला झटका बसला तेही दिवाणी? दुसऱ्या कार्यालयात "मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा". तिसऱ्याने अर्जावर शिक्का मारला, उत्तर आजवर नाही. ठेकेदाराचा परवाना बघितला होता का, हे मात्र सगळ्यांनी मलाच विचारलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. मोबाइलवरचे पैसे पाठवल्याचे मेसेज आणि फोटो जपून ठेवलेत. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. तीन चकरांत एकानेही हे सांगितलं नाही.