घणसोलीतलं परदेशी नोकरीआधीचं प्रशिक्षण: पोरांना जरूर पाठवा

धाकटा भाऊ वेल्डर म्हणून सौदीला निघालाय, त्याला घणसोलीच्या केंद्रात एक दिवसाच्या प्रशिक्षणाला बसवलं. सर स्वतः आखातात राहून आलेले. करारातला मूळ पगार आणि ओव्हरटाइम वेगवेगळा वाचायला लावला, पासपोर्ट मालकाच्या ताब्यात द्यायचा नाही हे ठासून सांगितलं. प्रवासी भारतीय बीमा योजनेत १० लाखांचं विमाकवच मिळतं आणि एजंटची फी ३० हजार अधिक जीएसटी, त्यावर एक रुपया नाही, हेही तिथंच कळलं. आमच्या गल्लीतली पोरं लाखभर मोजून गेलीत, जीव तुटतो हो! उन्हाचा विषय मात्र घाईत उरकला. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर कामाला बंदी असते, हे पोरांना तोंडपाठच हवं.